चार मीटरची तुळई

महादेवप्पा बिराजदार हे वजनमापे खात्याचे निरीक्षक होते आणि सोलापुरातल्या दुकानदारांच्या दुर्दैवाने प्रामाणिक होते. खाणाऱ्या निरीक्षकाचं व्यापाऱ्याला कोडं पडत नाही. न खाणाऱ्याचं करायचं काय, हे मात्र कुठल्याच बापाने मुलाला गादीवर बसवताना शिकवलेलं नसतं. सोळा वर्षं महादेवप्पा सायकलवरून हिंडून शेर, मण, गज आणि फूट यांना जिल्ह्यातून हद्दपार करत होते. म्हणजे तसा त्यांचा समज होता. सायकल वळणावर दिसली की शहरातले सगळे फूट गादीखाली जात आणि सायकल दिसेनाशी झाली की पुन्हा वर येत.

अशा माणसाने छपराचं लाकूड आणायला स्वतः जाऊ नये. पण त्याला कारण घडलं होतं.

महादेवप्पांनी घेतलेलं घर मूळचं एका डॉक्टरांचं. डॉक्टरांकडे मोटार होती, त्यामुळे अंगणाच्या कडेला मोटारीचं गॅरेज होतं. महादेवप्पांकडे सायकल होती आणि ती गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात, मोठ्या लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखी उभी असायची. इकडे दर सोमवारी त्यांच्या बायकोच्या, गौरम्माच्या, वचन-भजनाच्या बारा बायका पुढच्या खोलीत बसत आणि महादेवप्पा स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी पेपर वाचत. एका सोमवारी त्यांनी पेपर मिटला आणि जाहीर केलं, की गॅरेजला बागेच्या बाजूने खिडक्या पाडायच्या, कुजकं छप्पर काढून नवं घालायचं आणि तिथे बागेतली खोली करायची. गौरम्माच्या जाईचा वेल खिडकीशी येईल. बायका तिथे बसतील.

"आणि तुमी?" गौरम्माने विचारलं.

"मी माझ्या घरात बसेन," महादेवप्पा म्हणाले.

परवानगीच्या कचेरीत पहिलाच प्रश्न आला, की गॅरेज काढलं तर वाहन कुठे ठेवणार? वाहन नाही, असं महादेवप्पांनी सांगितलं. मग कारकून म्हणाला, वाहन नाही तर ते गॅरेज नाही, आणि गॅरेज नाही तर त्याचं रूपांतर कसं होणार? तीन खेपांनंतर 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात 'सायकल (काळी)' असं लिहून अर्ज मंजूर झाला. महादेवप्पांना हे लागलं, पण कागद पूर्ण असावा हे तत्त्व त्यांचंही होतं.

सुतार मिळाला तो हिंदुराव, मोहोळकडचा. हात सोन्याचा, पण माणूस घाईचा. लाकूड यायच्या आधीच त्याने जुने पत्रे उतरवले, कुजकी तुळई ढकलून पाडली आणि उघड्या चार भिंतींकडे बघून म्हणाला, "साहेब, मृगाला मी गावाकडं जाणार. पेरणी हाय. त्याच्या आत लाकूड आलं तर छप्पर, न्हाय तर दसऱ्याला." मृगाला अकरा दिवस होते.

मग त्याने खिशातून पिवळी पडलेली घडीची फूटपट्टी काढली. कायद्याने ती तिथल्या तिथे जप्त व्हायला हवी होती. महादेवप्पांनी लिंबाच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली आणि ते बराच वेळ बघत राहिले.

"दोन तुळया, चौदा फुटी," हिंदुराव म्हणाला. "वासे अकरा."

"मीटरमध्ये सांगा."

"लाकडाला मीटर कळत न्हाय की, साहेब."

"कायद्याला कळतो."

महादेवप्पांनी खात्याची शिक्का मारलेली पोलादी टेप आणली आणि गॅरेजची रुंदी स्वतः मोजली. इकडून मोजली, तिकडून मोजली. बरोबर चार मीटर, शून्य सेंटिमीटर. चौदा फूट म्हणजे चार मीटर सत्तावीस. हा माणूस सत्तावीस सेंटिमीटर लाकूड उगाच मागतो आहे! जुन्या मापांमुळे देशाचं किती नुकसान होतं, याचं उदाहरण खुद्द आपल्या अंगणात सापडावं याचं त्यांना दुःख झालं आणि थोडा आनंदही. त्यांनी वहीत लिहिलं : तुळया दोन, ४.०० मी.

"बरोबर चार?" हिंदुरावाने विचारलं.

"बरोबर चार."

हिंदुरावाने डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. साहेब लोकांना एकदाच विचारावं, दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना राग येतो, असा त्याचा अनुभव होता.

कुंपणापलीकडून शेजारचे आबासाहेब हे सगळं बघत होते. आबासाहेब कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर रेल्वेत काहीतरी आहे असं मानणारे. "लाकूड कशाला? रूळ टाका. वरून मालगाडी गेली तरी हलणार नाही."

"माझ्या छपरावरून मालगाडी कशाला जाईल?"

"नाहीच जाणार. पण गेली तर?"

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा हिंदुरावाला घेऊन लाकूड निवडायला निघाले. पहिल्या वखारीचं दार त्यांच्या डोळ्यांदेखत आतून बंद झालं. दुसऱ्या वखारीत मालकाने सगळ्या मीटरपट्ट्या शिक्के वर करून टेबलावर मांडल्या आणि हात जोडून उभा राहिला.

"मला लाकूड हवंय," महादेवप्पा म्हणाले.

"आमच्यात सगळं मीटरमध्येच असतं, साहेब."

"तपासणी नाही हो. माझ्या घराला हवंय. छपराला."

मालक कसानुसा हसला. दिवस आणीबाणीचे होते. निरीक्षक गिऱ्हाईक बनून येतात आणि दुकानाला सील लागतं, अशा गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. "लाकूड संपलंय," तो म्हणाला. त्याच्या मागे वीस फूट उंच सागाची थप्पी होती.

तिसरी वखार शिवलिंगप्पाची. दोन वर्षांपूर्वी महादेवप्पांनी त्याच्यावर खटला भरला होता, तरी दार बंद न करणारा एवढा एकच माणूस निघाला. "बन्री साहेब, बन्री, या," म्हणत तो पुढे आला. हिंदुरावाने थप्पीतली एकेक तुळई बोटांच्या पेरांनी वाजवली, कान लावून ऐकली, गाठी बघितल्या, चिरा बघितल्या. अर्ध्या तासाने दोन सोळा फुटी सागाच्या तुळयांवर हात ठेवून म्हणाला, "ह्या. ह्या तुमच्या नातवंडांनाबी पुरतील."

"चार मीटरवर कापा," महादेवप्पांनी सांगितलं.

शिवलिंगप्पाने खोलीची रुंदी विचारली. महादेवप्पांनी सांगितली. तो थबकला, हिंदुरावाकडे बघितलं, मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, थोडं जास्त ठेवू या का?"

सोळा वर्षांत हे वाक्य महादेवप्पांनी निरनिराळ्या आवाजांत ऐकलं होतं. थोडं जास्त घ्या, थोडं घरी पाठवतो, थोडं ठेवून घ्या.

"काय म्हणालात?"

"न्हाई, जरा जास्त असलं तर बरं पडतंय—"

"शिवलिंगप्पा!" एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, की हमालांच्या खांद्यावरची ओझी थांबली. "मापापेक्षा कमी देणारा चोर असतो. आणि सरकारी नोकराला मापापेक्षा जास्त देणारा त्याहून मोठा चोर असतो! तुम्ही मला विकत घेऊ बघता? चार मीटर म्हणजे चार मीटर!"

सगळी वखार ऐकत होती. शिवलिंगप्पाचा चेहरा उतरला. साठीचा माणूस, त्याचे दोन मुलगे तिथेच उभे होते. त्याने करवतीवाल्याला खूण केली. तुळया करवतीखाली गेल्या, बरोबर चार मीटरवर कापल्या गेल्या, आणि महादेवप्पा पक्कं बिल खिशात घालून ताठ मानेने बाहेर पडले.

तुळया शुक्रवारी चढवायच्या ठरल्या. महादेवप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. हिंदुराव आणि दोन हमाल यांनी पहिली तुळई दोरांनी वर ओढली, दोन भिंतींच्या माथ्याशी आणली, आडवी केली. ती दोन भिंतींच्या मधे नेमकी मावली. मिलिमीटरचा फरक नव्हता. दोन्ही टोकं गिलाव्याला घासली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि तुळई सावकाश खाली यायला लागली. कारण ती ज्यावर टेकायची, त्या भिंती तिच्या दोन्ही बाजूंना होत्या, खाली नव्हत्या.

"सोडू नका!" हिंदुराव ओरडला. हमालांनी सोडली. तुळई अंगणातल्या पत्र्यांवर पडली, आणि त्या आवाजाने अर्धी गल्ली कुंपणाशी आली.

शेवटी हिंदुराव म्हणाला, "तुळई भिंतीत बसाया लागती की, साहेब. हिकडनं पाच इंच, तिकडनं पाच इंच. म्हून चौदा फुटी म्हणलं हुतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"म्या इचारलं की. बरोबर चार? तुमी म्हणला, बरोबर चार."

"मधे रुळाचा खांब द्या," आबासाहेबांनी कुंपणावरून सुचवलं.

मापात चुकलेला वजनमापे निरीक्षक! सगळी गल्ली बघत होती. महादेवप्पांना माघार घेता आली असती, पण त्या घटकेला ती सापडली नाही. ते म्हणाले, "तुळयांत चूक नाही. भिंती चुकल्यात. भिंती आत घ्या."

हिंदुराव त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुळई आखूड पडली म्हून भिंत सरकवायची?" त्याने हत्यारं पिशवीत भरायला घेतली. गौरम्माने त्याला दाराशी थांबवून काहीतरी सांगितलं, तेव्हा कुठे तो शांत होऊन गेला. महादेवप्पांना त्या दोन तुळया बघवेनात, म्हणून त्यांनी स्वतःच त्यांच्यावर जुने पत्रे ओढून घातले.

तीन दिवस घरात कोणी छपराचं नाव काढलं नाही. सोमवारी कचेरीत पुण्याहून एक लिफाफा आला. महादेवप्पांनी तो वाचला, आणि पुन्हा वाचायला गेले तर अक्षरं हलू लागली. निनावी अर्ज आला होता : सोलापूरचे निरीक्षक व्यापाऱ्यांकडून फुकट लाकूड घेऊन घर बांधत आहेत. चौकशीसाठी खुद्द पुण्याचे मोठे साहेब मंगळवारी सकाळी घरी येणार होते. त्या वर्षी पन्नाशी ओलांडलेल्या नोकरांना संशयावरूनही घरी बसवत होते. महादेवप्पा बावन्न वर्षांचे होते.

आपल्याकडे बिल आहे, पक्कं बिल आहे, असं सारखं मनाशी म्हणत त्यांनी घर गाठलं आणि फाटकात सायकल तशीच हातात धरून उभे राहिले.

गॅरेजच्या भिंतींवर दोन तुळया बसलेल्या होत्या. नव्या, सरळ, सागाच्या. दोन्ही टोकं भिंतीत नीट गेलेली, भोवती सिमेंट ओलं. वर हिंदुराव बसून गात होता.

"ह्या कुठनं आल्या?"

"शिवलिंगप्पाच्या वखारीतनं. सकाळी गाड्यावरनं आल्या."

"बिल?"

"बिलाचं मला म्हाईत न्हाय. गाडीवाल्यानं टाकल्या, म्या बसिवल्या. मृग आला की जवळ."

गौरम्मा घरी नव्हती. ती दुपारीच भवानी पेठेत बहिणीकडे गेली होती, भाचीच्या साखरपुड्याला. सकाळी येणार होती. महादेवप्पा ओट्यावर बसले. शिवलिंगप्पा! एवढा अपमान होऊनही त्याने जास्त दिलंच होतं. आता त्या तुळया बिनबिलाच्या आपल्या डोक्यावर होत्या आणि साहेब चौदा तासांवर होते. तो माणूस दुष्ट असता तर यापेक्षा चांगला सूड उगवू शकला नसता, आणि चांगला असता तरी यापेक्षा जास्त नुकसान करू शकला नसता.

सकाळी सहाला उठून त्यांनी ठरवलं, की तुळया उतरवायच्या आणि साहेबांच्या आधी वखारीत पोचत्या करायच्या. हिंदुराव आठशिवाय येत नसे. आबासाहेब मात्र आले, शिडी धरली आणि म्हणाले, "असं निघणार नाही. जॅक लागेल. माझ्याकडे आहे, आणतो." ते गेले ते गेलेच. महादेवप्पा पायजम्यावर, हातात पहार घेऊन तुळईवर घोड्यासारखे बसले आणि ओल्या सिमेंटवर घाव घालू लागले. तिसऱ्या घावाला त्यांचा पाय शिडीला लागला आणि शिडी आडवी झाली.

त्यांनी खाली बघितलं. अंतर दहा फूट होतं. ते मीटरमध्ये किती, हे त्यांना त्या वेळी आठवेना.

फाटक वाजलं. आत हिंदुराव आला, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक, करड्या केसांचे गृहस्थ. हातात चामडी बॅग, खांद्याला पाण्याची बाटली. महादेवप्पांनी त्यांना दोनदा पुण्याच्या बैठकीत, लांबून, पाहिलं होतं.

"बिराजदार?" साहेबांनी वर बघून विचारलं.

"होय, साहेब. नमस्कार." नमस्काराला दोन्ही हात सोडले तेव्हा पहार खाली पडली.

हिंदुराव शिडीकडे धावला. साहेबांनी हात वर केला. "राहू द्या. साडेदहाची गाडी आहे माझी. आधी काम. बिल कुठे आहे?"

"टेबलावर. हिरव्या फायलीत."

हिंदुरावाने फाइल आणली. साहेबांनी बिल वाचलं, बॅगेतून स्वतःची टेप काढली, एक टोक हिंदुरावाला धरायला लावलं आणि तुळईखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतलं.

"चार मीटर, शून्य शून्य," ते म्हणाले. बिल पुन्हा बघितलं. "तुळया दोन, चार मीटर, शून्य शून्य. बरोबर आहे."

वर महादेवप्पांच्या छातीत काहीतरी सुटलं. साहेबांनी दिसेल तेवढंच मोजलं होतं. भिंतीत गेलेलं कोणी मोजत नाही. आखूड तुळया पत्र्यांखाली झाकलेल्या होत्या. गप्प बसलं की झालं! साहेबांनी पेन काढलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या, तिसरी लिहायला घेतली. हिंदुराव महादेवप्पांकडे बघत होता. त्याच्या नजरेत दोषही नव्हता आणि कौतुकही नव्हतं. साहेब लोक असंच करतात हे माहीत असलेल्या माणसाची ती नजर होती.

"साहेब," महादेवप्पा म्हणाले. "तुळई भिंतीत गेलीय. दोन्ही बाजूंनी तेरा तेरा सेंटिमीटर. त्या बिलातल्या तुळया ह्या नव्हेत. त्या पत्र्यांखाली पडल्यात. ह्या... ह्यांचं बिल माझ्याकडे नाही."

साहेबांचं पेन थांबलं. "पैसे दिलेत?"

"नाही."

"मग हे फुकट आलेलं लाकूड झालं."

"होय, साहेब."

"हे तुम्ही आत्ता का सांगता आहात?"

पायाखाली काहीच नसताना माणसाला उत्तरं सुचत नाहीत.

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. गौरम्मा उतरली, हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा पुडा. नवरा तुळईवर, सुतार खाली, आणि मधे टेप धरलेला परका माणूस. "अगं बाई," ती म्हणाली. मग साहेबांनी खूण केली म्हणून हिंदुरावाने तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं, आणि ती ऐकता ऐकता संतापली. कुणावर, ते लगेच कळलं नाही.

"फुकट?" ती म्हणाली. "शनिवारी मी स्वतः जाऊन घेतल्यात की त्या! माझे पैसे मोजून! हिंदुराव, तुमाला सांगितलं नव्हतं?"

"आक्का, तुमी म्हणला, साहेबांना येवढ्यात बोलू नगा. म्या न्हाय बोललो."

गौरम्मा घरात गेली आणि देव्हाऱ्याखालच्या फळीतून कागद घेऊन आली. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "सागवान तुळया, नग दोन, चौदा फुटी. रक्कम मिळाली." त्यांनी चष्मा काढला. "फुटी?"

वर महादेवप्पांनी डोळे मिटले. लाचेतून सुटले ते थेट स्वतःच्याच कायद्यात पडले.

"बिराजदार, तुमच्या हद्दीत, तुमच्याच घरासाठी, फुटांत विक्री झालीय."

"होय, साहेब."

"त्यो मनुष्य मीटरमध्येच लिहीत होता," गौरम्मा म्हणाली. "मीच म्हणलं, फुटांत लिहा. मीटरमधल्या दोन पत्र्याखाली पडल्यात, बघा पाहिजे तर."

साहेबांनी पत्रा उचलून बघितला. बराच वेळ बघितला. त्यांच्या खांद्यावरची बाटली हलत होती, पण चेहरा सरळ होता. मग त्यांनी कागद पुरा केला : तक्रार निराधार. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, की विक्रेत्यास लेखी समज द्यावी, निरीक्षकांनी स्वतः जाऊन. "आणि बिराजदारांना उतरवा आता," ते हिंदुरावाला म्हणाले, पेढा घेतला आणि गाडीला गेले.

महादेवप्पा खाली आले. गौरम्मा त्यांच्या पायजम्याला लागलेलं सिमेंट झटकत राहिली.

"मला आधी सांगायचं नाही?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमी बिल फाडलं असतं." ती दुसऱ्या गुडघ्यावरचं सिमेंट झटकू लागली. "अन् वखारीतला त्यो मनुष्य. मी नाव सांगितलं तर उठून उभा राहिला. म्हणाला, अक्का, साहेबांना म्या तेवढंच सांगत होतो, भिंतीत बसायला जास्त लागतंय म्हणून. त्यांनी भलतंच धरलं."

महादेवप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुपारी चारला ते लेखी समज घेऊन शिवलिंगप्पाच्या वखारीत गेले. करवत चालू होती, ओंडका किंचाळत होता. शिवलिंगप्पाने कागद वाचला, मान हलवली, सही करून परत दिला. एवढ्यावर निघता आलं असतं. पण मुलगे तिथेच होते, हमालही तेच होते. महादेवप्पांनी ठरवलेलं होतं, की सांगायचं, पण करवतीच्या आवाजात सांगायचं, म्हणजे ज्याला ऐकू जायला हवं त्यालाच जाईल.

ते शिवलिंगप्पाच्या कानाशी वाकले आणि आवाजावर मात करत ओरडले, "त्या दिवशी मी तुम्हाला चोर म्हणालो—"

वीज गेली. त्या उन्हाळ्यात ती रोज जायची, कधी ते सांगून जात नसे. करवत एकदम थांबली.

"—आणि चूक माझी होती!"

शब्द पत्र्याच्या छपराला लागून वखारभर फिरले. हमालांनी माना वळवल्या. थोरल्या मुलाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. महादेवप्पांचे कान तापले. वाक्य पुरं झालं होतं, नाही ऐकलं असं कुणालाही म्हणता आलं नसतं. तरी त्यांनी घसा साफ केला आणि आता साध्या आवाजात, सगळ्यांकडे बघत पुन्हा सांगितलं, "चूक माझी होती. तुम्ही माझ्या भल्याचं सांगत होतात."

शिवलिंगप्पाने खांद्यावरच्या पंच्याने समोरच्या ओंडक्यावरचा भुसा झटकला.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "वीज यायला अर्धा तास तरी लागतोय."

महादेवप्पा बसले.